क्वीनच्या माँट्रियलमधल्या दोन रात्री: ‘क्वीन रॉक माँट्रियल’ घरी पुन्हा नीट कसा पाहावा

बहुतेक घरांतला टीव्ही क्रिकेटसाठी लावलेला असतो. रंग भडक, हिरवळ चकचकीत, चेंडू धूसर दिसू नये म्हणून हालचाल गुळगुळीत करणारी सगळी बटणं चालू. त्याच टीव्हीवर चाळीसेक वर्षांपूर्वीची, फिल्मवर चित्रित झालेली रॉक मैफल लावली की चित्र मालिकेसारखं सपाट दिसतं, मंचावरचा काळोख राखाडी होतो आणि ढोलाचा आवाज खोक्यातून आल्यासारखा येतो. मग दोष डिस्कला दिला जातो. खरं तर सुधारायच्या बऱ्याचशा गोष्टी आपल्या घरातच असतात, आणि एका रविवारच्या दुपारी त्या जुळवता येतात.

ब्रिटिश रॉक बँड क्वीनने २४ आणि २५ नोव्हेंबर १९८१ या लागोपाठच्या दोन रात्री कॅनडातल्या माँट्रियल फोरममध्ये कार्यक्रम केले. दिग्दर्शक सॉल स्विमर यांनी दोन्ही रात्री ३५ मिलिमीटर फिल्मवर टिपल्या आणि त्यांतून एक सिनेमा जुळवला. मंचावर फक्त चौघं: गायक फ्रेडी मर्क्युरी, गिटारवर ब्रायन मे, ढोलांवर रॉजर टेलर आणि बेस गिटारवर जॉन डीकन. मर्क्युरीचं बरंचसं शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झालं आणि पहिला बँडही त्याने तिथेच जमवला, हे महाराष्ट्रात बहुतेकांना माहीत असतं. माँट्रियलमध्ये तो पस्तीस वर्षांचा आहे आणि आवाज ऐन भरात आहे.

पुढचं सगळं वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हा सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेम्सचा) सिनेमा आहे, आणि तो दोन रात्रींचं मिश्रण आहे. घरी येणाऱ्या बहुतेक अडचणी या दोन गोष्टींपाशी येऊन थांबतात.

हातात कोणती प्रत आहे?

हा सिनेमा आधी ‘वी विल रॉक यू’ या नावाने आला. व्हीएचएस कॅसेट आणि २००१ ची डीव्हीडीही त्याच नावाची. पुढे हक्क बँडकडे आले, चित्राची दुरुस्ती झाली, ध्वनीचं मिश्रण नव्याने झालं आणि २००७ मध्ये ‘क्वीन रॉक माँट्रियल’ या नावाने डीव्हीडी, ब्लू-रे आणि दोन सीडींचा संच निघाला. २०२४ च्या जानेवारीत तो आयमॅक्स पडद्यांवर लागला आणि त्याच वर्षी मे महिन्यात ४के डिस्क आली. म्हणजे कव्हरवर जुनं नाव असेल तर आत जुनं चित्र आणि जुना आवाज आहे. वापरलेल्या डिस्क विकत घेताना सर्वांत जास्त फसगत इथेच होते.

आमचं मत विचाराल तर २००७ ची ब्लू-रे पुरते. टीव्ही ५५ इंचांपेक्षा मोठा असेल आणि तुम्ही जवळ बसत असाल तरच ४के डिस्कसाठी वेगळे पैसे मोजावेत. जुनी डीव्हीडी केवळ आठवण म्हणून ठेवावी.

डिस्क परदेशातून मागवणार असाल तर आधी प्रदेश-संकेत (रीजन कोड) तपासा. डीव्हीडीसाठी भारत प्रदेश ५ मध्ये येतो, ब्लू-रेसाठी प्रदेश सी मध्ये. अमेरिकेतली ब्लू-रे ए, युरोपातली बी. डिस्कच्या मागच्या बाजूला छोट्या षटकोनात अक्षरं छापलेली असतात; ए, बी, सी तिन्ही असतील तर ती कुठेही चालेल. ४के डिस्कला प्रदेशाचं बंधन नसतं, पण त्याच डब्यातल्या साध्या ब्लू-रेला असू शकतं. ब्लू-रे प्लेअर आता दुकानांत फारसे दिसत नाहीत. घरात डिस्क घालायची सोय असलेला प्लेस्टेशन ५ असेल तर त्यावर ४के डिस्कही चालते. प्लेस्टेशन ४ वर फक्त ब्लू-रे.

वेग तपासा, सूर तपासा

फिल्म २४ चौकटींची, तर पाल ही भारत-युरोपातली जुनी टीव्ही-पद्धत २५ चौकटींची. पाल डीव्हीडी किंवा कॅसेट बनवताना बहुधा फिल्म सरळ जरा जोरात पळवली जाते. वेग सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो आणि सूर एका अर्धस्वराच्या सत्तर टक्के इतका चढतो. पेटी काळी एकला लावावी आणि गाणाऱ्याने पांढरी दोनच्या जरा अलीकडे जाऊन गावं, असं काहीसं. कथाचित्रात हे कुणाच्या लक्षात येत नाही. संगीताच्या सिनेमात मात्र मर्क्युरीचा आवाज किंचित बारीक आणि टेलरचा ढोल घाईत असल्यासारखा वाटतो.

तपासणी सोपी आहे. २००७ च्या सीडीवरचं एखादं सलग गाणं घ्या. पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत किती वेळ लागतो ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा आणि तेच आपल्या प्रतीवर मोजा. सीडीवर ३०० सेकंद भरलेला तुकडा तुमच्या प्रतीवर २८८ च्या आसपास भरला, तर प्रत पळवलेली आहे. संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा आणि ऑडिओच्या सेटिंगमधला टाइम-स्ट्रेचिंगचा पर्याय बंद ठेवा. तो चालू राहिला तर वेग कमी होईल, पण सूर चढलेलाच राहील. तुलनेसाठी ‘फ्लॅश’ आणि ‘द हीरो’ निवडू नका. ही दोन सीडीवर आहेत, सिनेमात नाहीत.

कॅसेटच असेल तर

मुंबई, कोकण, गोव्याकडच्या दमट हवेत पंधरा-वीस वर्षं कपाटात पडलेल्या कॅसेटला बुरशी धरलेली असण्याचीच शक्यता जास्त. कॅसेटचं वरचं झाकण उचलून टॉर्चच्या प्रकाशात रिळाच्या कडेला पाहा. पांढरी भुकटी किंवा जाळं दिसलं तर ती व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका: बुरशी फीत वाचणाऱ्या हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. अशी कॅसेट साफ करणाऱ्याकडेच द्यावी.

कॅसेट स्वच्छ असेल तर आधी पूर्ण पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवून घ्या. वर्षानुवर्षं चिकटून राहिलेले थर त्याने सुटतात आणि फीत अडकत नाही. संगणकावर उतरवताना पाल फितीसाठी ७२० × ५७६, २५ चौकटी, इंटरलेस्ड (एकाआड एक आडव्या रेषांचं चित्र) अशीच नोंद करा. आडव्या रेषांची सफाई नंतर. पूर्ण एचडीत उतरवून काही मिळत नाही, कारण व्हीएचएसवर मुळात तेवढा तपशीलच नसतो. चित्र ४:३ आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील. त्या राहू द्या. ताणून पडदा भरला की डीकन बुटका आणि मे रुंद दिसतो.

चित्र: टीव्हीची हुशारी बंद करा

प्लेअर ज्या एचडीएमआय खाचेत लावला आहे, ती निवडून मगच सेटिंग बदला. बहुतेक टीव्ही प्रत्येक खाचेची सेटिंग वेगळी लक्षात ठेवतात, त्यामुळे सेट-टॉप बॉक्सवरचं क्रिकेट जसंच्या तसं राहतं आणि घरात वाद होत नाहीत.

चित्राचा प्रकार ‘फिल्ममेकर’ असेल तर तो, नाहीतर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ निवडा. पहिली पाच मिनिटं पडदा पिवळट वाटेल. धीर धरा, निळसर पांढऱ्याची सवय सुटायला तेवढा वेळ लागतोच.

हालचाल गुळगुळीत करणारी सोय पूर्ण बंद. एलजीमध्ये तिचं नाव ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी. ही सोय दोन खऱ्या चौकटींच्या मध्ये स्वतः रचलेल्या चौकटी घालते. इथे ती दोन कारणांनी फसते. एक, फिल्मचा पोत जातो आणि सगळं स्टुडिओतल्या मालिकेसारखं दिसतं. दोन, मंचावरचे दिवे सारखे लुकलुकत असतात आणि धूर असतो. टीव्हीला कुठली कड कुठे सरकली ते कळत नाही आणि माइकच्या दांड्याभोवती पाण्यासारखं काहीतरी थरथरतं.

प्लेअरमध्ये २४पी हा पर्याय चालू करा. तो बंद असेल तर प्लेअर २४ चौकटी ६० मध्ये बसवायला एक चौकट दोनदा आणि पुढची तीनदा दाखवतो. कॅमेरा मंचाच्या या टोकापासून त्या टोकाकडे सावकाश फिरतो तेव्हा त्याचे गचके जाणवतात.

शार्पनेसच्या बाबतीत आकड्यावर जाऊ नका. सॅमसंगवर ० म्हणजे तटस्थ, सोनीवर ५० म्हणजे तटस्थ. खूण अशी: काळ्या पार्श्वभूमीवरच्या खांद्याभोवती बारीक पांढरी रेघ दिसली की शार्पनेस जास्त आहे. नॉइज रिडक्शनचे सगळे पर्याय बंद करा. मंचावरच्या प्रकाशात चित्रित केलेल्या फिल्मला दाणा असतोच. तो पुसायला गेलं की मर्क्युरीच्या चेहऱ्यावरचा घाम मेणासारखा दिसतो.

पडद्याच्या कडा कापल्या जात नाहीत ना, तेही पाहा. एलजीवर ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगवर ‘फिट टू स्क्रीन’, सोनीवर ‘फुल पिक्सेल’.

आता काळा रंग, कारण अख्खा सिनेमा काळोखावर उभा आहे. काळा राखाडी दिसत असेल, किंवा मेच्या काळ्या केसांचा एकच गोळा होत असेल, तर प्लेअर आणि टीव्ही यांचा आरजीबीचा पल्ला, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचं माप, जुळत नाहीये: एक ‘लिमिटेड’वर, दुसरा ‘फुल’वर. दोन्हीकडे ‘ऑटो’ करा. तरीही जुळलं नाही तर दोन्हीकडे ‘लिमिटेड’. ब्राइटनेस वाढवून हा दोष झाकायला जाऊ नका, तो फक्त सरकतो. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, वीज वाचवणारा इको मोड आणि खोलीतल्या उजेडाप्रमाणे चित्र बदलणारा सेन्सर हे तिन्ही बंद. नाहीतर मंचावरचे दिवे विझले की टीव्हीही सोबत मंद होतो.

५५ इंची पडद्याची रुंदी सुमारे १२१ सेंटिमीटर असते. ब्लू-रेसाठी सव्वादोन मीटरवर बसा, ४केसाठी पावणेदोन मीटरपर्यंत पुढे या. आपल्याकडे सोफा मागच्या भिंतीला टेकवायची रीत आहे. त्याने अंतर तर वाढतंच, शिवाय भिंतीजवळ खालचे सूर घुमतात. दीड तासापुरता तो दोन फूट पुढे ओढला तर चित्र आणि आवाज दोन्ही सुधारतात, तेही फुकट.

आवाज: आधी स्टिरिओ, मग ५.१

२००७ च्या डिस्कवर स्टिरिओ आणि ५.१ (पाच स्पीकर आणि खालच्या सुरांचा एक सबवूफर) असे दोन्ही ध्वनिमार्ग आहेत. घरात फक्त टीव्ही किंवा साधा साउंडबार असेल तर डिस्कच्या मेनूतून स्टिरिओच निवडा. ५.१ चे सहा मार्ग दोनांत दाबून बसवायचं काम टीव्हीवर सोडलं तर प्रेक्षकांचा गलका पुढे येतो आणि गाणारा मागे जातो.

दोन स्पीकर असतील तर ते आणि तुमचं डोकं असा समभुज त्रिकोण करा: स्पीकरमध्ये दोन मीटर, तर तुम्हीही प्रत्येकापासून दोन मीटरवर. उंच सूर काढणारा छोटा शंकू कानाच्या उंचीला हवा. शोकेसच्या खणात कोंबलेला स्पीकर कितीही महाग असला तरी डबड्यासारखाच वाजणार.

५.१ असेल तर मागचे दोन स्पीकर अगदी पाठीमागे नकोत. कानांच्या रेषेच्या किंचित मागे, दोन्ही बाजूंना. रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये, प्रत्येक स्पीकरचं अंतर टेपने मोजून भरा. आवाजाला एक मीटरला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात आणि रिसीव्हर त्याच हिशेबाने उशीर जुळवतो. मग चाचणीचा खरखराट लावून बसायच्या जागी प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबलला आणा. मोबाइलचं ॲप नेमका आकडा देत नाही, पण सगळे एकसारखे आहेत की नाही हे पुरेसं सांगतं. सबवूफरचा क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर त्याच्याकडे जातात तो आकडा, ८० हर्ट्झ. पुढचे स्पीकर अगदीच लहान असतील तर १०० ते १२०.

एक नेहमीचा गोंधळ: चित्र दिसतं, आवाज शून्य. सॅमसंगच्या २०१८ नंतरच्या आणि एलजीच्या मधल्या काही वर्षांच्या टीव्हींना डीटीएस हा डिस्कवरच्या ध्वनीचा प्रकार कळत नाही. प्लेअर टीव्हीला आणि टीव्ही साउंडबारला, अशी जोडणी असेल तर डीटीएस टीव्हीपाशीच अडकतो. प्लेअर थेट रिसीव्हरला जोडा, किंवा प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये बिटस्ट्रीमऐवजी पीसीएम निवडा. ब्लूटूथने जोडलेला साउंडबार या कामाला नकोच. त्याचा उशीर सहज १०० मिलिसेकंदांच्या पुढे जातो.

नाइट मोड (मोठे आणि हळू आवाज एका पातळीवर आणणारी सोय), क्लिअर व्हॉइस, आभासी सराउंड हे सगळं बंद. फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांची काळजी असेल तर नाइट मोड लावण्यापेक्षा सबवूफर चार ते सहा डेसिबल खाली घ्या आणि त्याच्याखाली जाड रबरी चटई घाला. भिंतीतून पलीकडे जातो तो खालचा सूरच. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते आणि त्या सुराला लोखंडी कपाटाची दारं आणि मांडणीवरची स्टीलची ताटं हमखास गुणगुणतात. स्पीकर फाटला अशी शंका आली तर आधी स्वयंपाकघरात जाऊन एक ताट दाबून पाहा.

ओठ आणि शब्द जुळत नाहीत?

इथे घाई करू नका. नीट पाहिलं तर शॉट बदलला की पोशाखातले बारकावे जुळेनासे होतात, कारण मधले शॉट दुसऱ्या रात्रीचे आहेत. आवाज एका रात्रीचा आणि चित्र दुसऱ्या रात्रीचं असेल तर ओठ किंवा ढोलाची काठी क्षणभर चुकणारच. तो संकलनाचा भाग आहे आणि टीव्हीतल्या कुठल्याही बटणाने तो सुटत नाही.

म्हणून जुळणी एकाच शॉटवरून ठरवू नका. ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ लावा: मंचावर मर्क्युरी आणि गिटारसह मे, बाकी वाद्यं शांत, आणि कॅमेरा चेहऱ्यावर बराच वेळ ठरतो. असे तीन-चार वेगळे शॉट पाहा. प्रत्येकात आवाज एकाच दिशेने आणि सारखाच चुकत असेल तर दोष तुमच्याकडे आहे. आवाज चित्राच्या आधी येत असेल तर रिसीव्हरमधला उशीर २० मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी वाढवा. बहुतेकदा ४० ते ८० मध्ये काम होतं. आवाज मागून येत असेल तर उशीर शून्यावर आणा आणि ब्लूटूथ काढा. कधी पुढे, कधी मागे असं होत असेल तर हात लावू नका.

कुठल्या गाण्यावर काय पारखायचं

सुरुवातीचं ‘वी विल रॉक यू’ हे द्रुत लयीतलं आहे. ताल पळवलेला वाटला म्हणून पुन्हा वेग तपासायला जाऊ नका. सावकाश लयीतलं, सगळ्यांच्या ओळखीचं गाणं अगदी शेवटी आहे. या पहिल्या गाण्यावर दिवे आणि काळोख पारखून घ्या.

‘समबडी टू लव्ह’मध्ये मुख्य आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये उभा राहायला हवा. तो एका बाजूला झुकत असेल तर त्या बाजूचा स्पीकर बहुधा भिंतीला किंवा तुम्हाला जास्त जवळ आहे. आवाजाला जागाच सापडत नसेल आणि तो हवेत विरल्यासारखा वाटत असेल तर एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या आहेत; लाल लालला, काळी काळीला, हे पुन्हा पाहा. ही चूक फार लोक करतात.

मेच्या एकट्या गिटारवादनावर सर्वांत जास्त वेळ द्या. तो वाजवलेल्या सुराचे दोन प्रतिध्वनी वेगवेगळ्या ॲम्प्लिफायरवर सोडतो आणि स्वतःच्याच प्रतिध्वनीवर पुढचा सूर चढवत तिघांचं गाणं उभं करतो. त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिकऐवजी सहा पेन्सचं नाणं असतं, म्हणून सुराच्या सुरुवातीला बारीक खरड ऐकू येते. ती खरड ऐकू येत नसेल तर उंच सूर कुठेतरी दबले आहेत. बहुधा स्पीकरची जाळी किंवा मध्ये आलेली खुर्ची. तिन्ही थर वेगळे ओळखू येईपर्यंत स्पीकर थोडे थोडे आत वळवत राहा.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या मधल्या ऑपेरासारख्या भागात आवाजाचा पोत एकदम बदलतो. तो बिघाड नाही. इतके आवाज चौघांना मंचावर काढणं शक्य नव्हतं, म्हणून तो भाग टेपवर वाजतो, मंच रिकामा असतो आणि मग चौघं स्फोटासारखे परततात. तो परतण्याचा क्षण दचकवणारा वाटला नाही तर नाइट मोड कुठेतरी चालू राहिला आहे.

‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ सबवूफरसाठी. डीकनची बेसच्या तारेवरची प्रत्येक टिचकी सुटी ऐकू यायला हवी. सूर एकमेकांत मिसळून नुसती घुमघुम होत असेल तर सबवूफर कोपऱ्यातून अर्धा मीटर बाहेर काढा.

सिनेमा संपल्यावर

२००७ च्या आवृत्तीत मे आणि टेलर यांचं समालोचन आहे. चित्रीकरणाच्या वेळी बँड आणि दिग्दर्शक यांच्यात बराच ताण होता. ते कळल्यावर पहिल्या काही गाण्यांतला चौघांचा आवेश वेगळाच दिसू लागतो. समालोचन दुसऱ्या खेपेला ऐका, पहिल्याला नको.

विशेष आवृत्तीत १३ जुलै १९८५ च्या लंडनमधल्या वेम्बलीवरच्या ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या मैफलीतलं क्वीनचं सादरीकरणही आहे. ते फिल्म नाही, टीव्हीसाठीचं व्हिडिओ चित्रण आहे: ४:३, दिवसाउजेडी आणि हालचाल मुळातच गुळगुळीत. माँट्रियलनंतर लगेच लावलं की ट्रूमोशन पुन्हा चालू झालं असं वाटतं. झालेलं नसतं. हलणाऱ्या हातांच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसले तरच प्लेअरमध्ये डीइंटरलेसिंग (आडव्या रेषा जोडून सलग चित्र करणारी सोय) ‘ऑटो’वरून ‘व्हिडिओ’वर न्या, आणि माँट्रियल पुन्हा लावण्याआधी ते परत ‘ऑटो’वर आणा.